ढालीवरचे आकार आणि त्यांचे ‘अर्थ’ : काम चांगलं, तक्ता फुसका

पुण्यातल्या एका दुकानाने काढलेल्या ढाल-चिन्हाच्या पॅकेजचे गुण आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढचं वाचावं लागणार नाही. पाचपैकी कापडी बिल्ल्याला चार, धातूच्या पिनेला साडेतीन, भिंतीवरच्या लाकडी ढालीला तीन, रबरी शिक्क्याला दोन. आणि या सगळ्याबरोबर भेट म्हणून मिळणाऱ्या ‘आकार व त्यांचे अर्थ’ या लॅमिनेट केलेल्या रंगीत तक्त्याला शून्य. पॅकेज घ्यायला हरकत नाही. तक्ता काउंटरवरच विसरून यावा.

पॅकेज असं आहे. पुण्याच्या मध्यवर्ती पेठांमध्ये ट्रॉफी, पदकं आणि शाळेचे बिल्ले-टाय विकणारी जी दुकानं आहेत, त्यांतल्या एकाने ‘संस्थेचं किंवा घराण्याचं ढाल-चिन्ह’ अशी जोडणी काढली आहे. गिऱ्हाइकाने तक्त्यातून तीन-चार गुण निवडायचे : शौर्य, निष्ठा, एकी, जे काय हवं ते. दुकानदार त्या गुणांचे आकार ढालीवर बसवतो आणि तेच चिन्ह कापड, पिन, शिक्का आणि लाकूड अशा चार रूपांत हातात देतो. ढोल-ताशा पथकं, सोसायट्यांचे क्रिकेट संघ, छोट्या शाळा, माजी विद्यार्थ्यांची मंडळं आणि हल्ली लग्नघरं हे मुख्य गिऱ्हाईक. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. तक्ता त्यांनी लिहिलेला नाही, इंटरनेटवर इंग्रजीत फिरणाऱ्या यादीचं ते घाईतलं भाषांतर आहे, आणि तीच यादी वापरणाऱ्या इतरांना सोडून एकालाच धरणं बरोबर नाही.

तक्त्यात लिहिलंय : शेव्हरॉन, म्हणजे टोक वर असलेला कोन, म्हणजे संरक्षण. बेंड, म्हणजे तिरका पट्टा, म्हणजे बचाव. फेस, म्हणजे आडवा पट्टा, म्हणजे सन्मान. पेल, उभा पट्टा, सामर्थ्य. चीफ, म्हणजे ढालीच्या माथ्यावरची पट्टी, अधिकार. सॉल्टायर, तिरका क्रॉस, निर्धार. लॉझेंज, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार, प्रामाणिकपणा. कडी निष्ठा. वाचायला छान वाटतं. अडचण एवढीच, की ज्या काळात हे आकार ढालींवर आले त्या काळातल्या लोकांना यातलं बहुतेक काही ठाऊक नव्हतं.

युरोपात बाराव्या शतकात ढाली अशा ठरावीक पद्धतीने रंगवल्या जाऊ लागल्या त्या ओळख पटावी म्हणून. शिरस्त्राणात चेहरा झाकलेला, मैदानात धूळ. लांबून दिसणार काय, तर जाड पट्टा, मोठा कोन, दोन भडक रंगांची फाळणी. म्हणून सगळ्यात जुन्या घराण्यांच्या ढाली सगळ्यात साध्या असतात. गुणांचे अर्थ नंतरच्या लेखकांनी, मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकांत, चिकटवले आणि पुढच्यांनी ते एकमेकांचे उतरवले. या आकारांना सरसकट ठरलेला अर्थ नाही, हे आज त्या विषयातली जाणकार माणसं सरळ सांगतात.

पुरावा हवा असेल तर चौदाव्या शतकातला एक खटला पुरेसा आहे. १३८५ मध्ये इंग्लंडच्या राजाची स्कॉटलंडवर स्वारी चालली असताना रिचर्ड स्क्रोप आणि रॉबर्ट ग्रोव्हनर या दोन सरदारांच्या लक्षात आलं, की दोघांच्याही ढालीवर एकच चिन्ह आहे : निळ्यावर सोनेरी तिरका पट्टा. खटला पाच वर्षं चालला, शेकडो साक्षी झाल्या, कवी चॉसरनेही साक्ष दिली. वाद काय होता? हा पट्टा आमच्या घराण्यात आधीपासून आहे, एवढाच. पट्ट्याचा अर्थ बचाव की आणखी काही, हा मुद्दाच नव्हता. शेवटी स्क्रोप जिंकला आणि ग्रोव्हनरने निळ्यावर सोनेरी गव्हाची पेंढी घेतली. ज्या आकारासाठी पाच वर्षं कोर्टात काढली, त्याला आपल्या तक्त्यात एका शब्दात उरकलंय.

मग आकारांना अर्थ नसतोच का? असतो, पण तो यादीतून येत नाही. ज्याचं चिन्ह त्याच्याकडून येतो. कॅस्टील राज्याच्या ढालीवर किल्ला आणि लिऑनच्या ढालीवर सिंह, कारण नावातच ते शब्द. शब्दावरची ही कोटी हेराल्ड्रीत, म्हणजे ढाल-चिन्हांच्या या युरोपीय शास्त्रात, सगळ्यात प्रामाणिक अर्थ मानायला हरकत नाही. ‘मोरे’ आडनावाच्या माणसाने मोर घेतला तर तो याच परंपरेत चपखल बसतो, आणि त्याला तक्ता लागत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण सर जमशेदजी जीजीभॉय यांचं, ज्यांच्या देणगीतून पुण्यात बंडगार्डनचा बंधारा उभा राहिला. १८५७ मध्ये ते बॅरोनेट झाले, म्हणजे त्यांना वंशपरंपरेने चालणारा ब्रिटिश किताब मिळाला. त्यांच्या ढालीवर घाटाच्या डोंगरामागून उगवणारा सूर्य आहे आणि वर दोन उडत्या मधमाश्या. ब्रीदवाक्य ‘उद्योग आणि औदार्य’. डोंगर म्हणजे आपला सह्याद्री, मधमाश्या म्हणजे उद्योग. पट्टे-कोन काही नाही, तरी अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. पॅकेजमधल्या डिझायनरने हे एक चिन्ह समोर ठेवलं असतं तरी अर्धं काम झालं असतं.

आकार, अर्थ आणि लांबून दिसणं यांचं नातं समजायला आणखी एक ताजं उदाहरण आहे. भारतीय नौदलाच्या निशाणावरून २००१ मध्ये सेंट जॉर्जचा तांबडा क्रॉस काढला आणि पांढऱ्यावर नौदलाचं निळं चिन्ह आलं. अर्थाच्या दृष्टीने उत्तम. पण तक्रार आली, की निळं चिन्ह आकाशात आणि समुद्रात मिसळून जातं, ओळखू येत नाही. २००४ मध्ये क्रॉस परत आला. २ सप्टेंबर २०२२ ला तो पुन्हा गेला आणि त्या जागी अष्टकोन आला : दुहेरी सोनेरी किनार, कल्पना शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेवरून घेतलेली, आठ बाजू म्हणजे आठ दिशा. या वेळी अर्थ नौदलाने स्वतः जाहीर केला आणि बाहेरची जाड सोनेरी कड लांबूनही सुटी दिसते. अर्थ आणि दिसणं, दोन्ही लागतं. पॅकेजमध्ये पहिल्यावरच भर आहे.

आता आकार एकेक करून, कारण खरी गंमत आणि खऱ्या चुका तिथे आहेत.

शेव्हरॉनचं भाषांतर तक्त्यात ‘बाण’ असं केलंय. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ छपराचा वासा. कौलारू घराचे दोन वासे आढ्याला टेकलेले, तो हा आकार. नुसतं ‘वासा’ लिहिलं असतं तर पुण्यातल्या वाड्यात वाढलेल्या प्रत्येकाला कळलं असतं, आणि बांधकाम करणाऱ्यांच्या संस्थेने तो का घ्यावा तेही. कापडावर हा आकार दुकानाने सुरेख काढला आहे. ७५ मिलिमीटर रुंद बिल्ल्यावर वाशाची जाडी १४ मिलिमीटर, म्हणजे रुंदीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी. त्यावर काही बसवायचं नसेल तर हे प्रमाण बरोबर आहे. चांदण्या किंवा फुलं बसवायची असतील तर वासा तिसऱ्या हिश्शापर्यंत जाड करतात. टोकापाशी टाके दोन्ही बाजूंनी कोनात जुळवले आहेत. नवशिका डिजिटायझर, म्हणजे चित्रावरून मशीनसाठी टाक्यांची फाईल बनवणारा, सगळे टाके एकाच दिशेने मारतो आणि टोक बोथट होतं. इथे तसं झालेलं नाही.

तिरक्या पट्ट्याची दिशा मात्र उलटी पडली आहे, आणि याचं कारण पूर्ण मराठी आहे. हेराल्ड्रीत उजवं-डावं ढाल धरणाऱ्याचं मोजतात, बघणाऱ्याचं नाही. साधा बेंड धरणाऱ्याच्या उजव्या खांद्याकडून डाव्या कमरेकडे येतो, म्हणजे आपल्याला समोरून तो वर डावीकडून खाली उजवीकडे दिसतो. गिऱ्हाईक ‘जानव्यासारखा पट्टा द्या’ असं सांगतं. जानवं सव्य असताना डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेला येतं. झाला उलटा बेंड! हेराल्ड्रीतला साधा बेंड हा आपल्या हिशेबात अपसव्य. कुणाला यातलं कोणतं चालेल ते त्याने ठरवावं, पण दुकानाने विचारायला हवं. उलटा पट्टा म्हणजे अनौरस संतती, अशी एक दंतकथाही तक्त्यात आहे. ती चूक. इंग्लंडात अनौरसपणा दाखवायला वापरत ती बारीक, आखूड, ढालीच्या कडांना न टेकणारी तिरकी काठी. पूर्ण रुंद उलट्या पट्ट्यात काही कमीपणा नाही.

सॉल्टायर, म्हणजे तिरका क्रॉस. युरोपात तो सेंट अँड्र्यूचा, स्कॉटलंडच्या झेंड्यावरचा. ‘निर्धार’ म्हणून तो एका शाळेच्या नमुन्यावर बसवलेला आहे. शाळेच्या चिन्हावर भली मोठी फुली! ज्या देशात चुकलेल्या गणितावर फुली मारतात तिथे हा आकार शाळेला सुचवणाऱ्याने कॉपी तपासताना मास्तरांना कधी पाहिलंच नसावं. बघणाऱ्याच्या डोक्यात आधीच बसलेला अर्थ यादीतल्या अर्थाला दर वेळी हरवतो.

लॉझेंजला आपल्याकडे शंकरपाळ्यापेक्षा चांगला शब्द नाही. तक्त्यात ‘प्रामाणिकपणा’ आहे. यापेक्षा ठोस आणि खरी गोष्ट अशी, की ब्रिटिश प्रथेत स्त्रियांचं चिन्ह ढालीऐवजी शंकरपाळ्याच्या आकारावर काढत, कारण ढाल लढणाऱ्याची. महिला मंडळाला किंवा मुलींच्या संघाला हा आकार घ्यायचा की नेमका याच कारणासाठी टाळायचा, हे ठरवायला ही माहिती उपयोगाची. ‘प्रामाणिकपणा’ हा शब्द निरुपयोगी. कारागिरी बघायची तर शंकरपाळ्याची वरची-खालची टोकं ६० अंशांपेक्षा निमुळती केली की टाके एकाच जागी गोळा होतात, सुई तुटते आणि टोकावर दोऱ्याची गाठ बसते. दुकानाच्या नमुन्यात टोक साधारण ७० अंशांचं आहे. योग्य.

गोलांची गोष्ट सगळ्यात गोड. हेराल्ड्रीत भरीव गोलाचं इंग्रजी नाव रंगाप्रमाणे बदलतं : सोनेरी तो बेझंट, म्हणजे बायझंटियमचं नाणं, रुपेरी तो प्लेट, तांबडा तो टॉर्टो, निळा तो हर्ट, हिरवा तो पॉम, म्हणजे सफरचंद, काळा तो पेलेट, म्हणजे तोफेचा गोळा. पांढऱ्या-निळ्या लाटांचा गोल म्हणजे फाउंटन, पाण्याचा झरा. यातला फाउंटन हा फार कामाचा आकार, कारण त्याचा अर्थ खरोखर ठरलेला आहे आणि तो बघताक्षणी कळतो. मुळा-मुठेच्या काठच्या बोट क्लबला किंवा तळ्याचं नाव लावणाऱ्या सोसायटीला यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही. तक्त्यात तो नाहीच.

गोल कापडावर काढताना चूक कुठे होते ते सांगतो. टाका कापड आपल्या दिशेने ओढतो. आडव्या टाक्यांनी भरलेला १२ मिलिमीटरचा गोल आडवा अर्धा मिलिमीटरभर आकसतो आणि सुपारीसारखा लांबट दिसतो. उपाय म्हणजे डिजिटायझिंग करतानाच टाक्यांच्या दिशेने ०.२ ते ०.४ मिलिमीटर वाढवून ठेवायचं. दुकानाच्या नमुन्यात मोठे गोल गोल आहेत, पण सहा मिलिमीटरचे छोटे गोल लांबट झाले आहेत. लहान गोलांना तीच भरपाई द्यायची राहिली असणार. चारऐवजी पाच गुण न देण्याचं हे कारण.

चंद्रकोर. इंग्लिश हेराल्ड्रीत टोकं वर असलेली कोर ही दुसऱ्या मुलाची खूण. पहिल्याची लेबल नावाची झालर, तिसऱ्याची चांदणी, चौथ्याची बिनपायाचा पक्षी, पाचव्याची कडी. म्हणजे तक्त्यातली ‘निष्ठे’ची कडी ही प्रत्यक्षात पाचव्या मुलाची कडी निघू शकते. पण मराठी माणसाने कोर घेताना इंग्लंडच्या दुसऱ्या मुलाची काळजी करायचं कारण नाही. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः’ या ओळीत वाढत्या कोरीचा जो अर्थ आहे तो कुठल्याही तक्त्यापेक्षा जुना, आपला, आणि वाचणाऱ्याला ओळखीचा. कोर वर उघडी काढायची, आणि मधल्या पोटाची जाडी टोकांमधल्या अंतराच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी करायची नाही, नाहीतर कापडावर ती नुसती भुवई दिसते.

ढालीचा बाहेरचा आकार दुकानाने इस्त्रीसारखा घेतला आहे. त्याला इंग्रजीत ‘हीटर’ म्हणतात तेही जुन्या इस्त्रीवरूनच. काढायची रीत सोपी आहे. वरची रुंदी तीन भाग धरा. दोन्ही बाजू सरळ खाली एक भाग आणा. मग त्या पातळीवर डाव्या टोकावर कंपासचं टोक ठेवून तीन भागांच्या त्रिज्येने उजवी कमान, आणि उजव्या टोकावरून डावी. दोन्ही कमानी खाली मधोमध मिळतात. ७५ मिलिमीटर रुंदीला २५ मिलिमीटर सरळ बाजू आणि सुमारे ६५ मिलिमीटर कमान, एकूण उंची ९०. खाली जागा निमुळती होते, म्हणून तीन गोष्टी बसवायच्या तर वर दोन, खाली एक. दुकानाच्या एका नमुन्यात वर एक, खाली दोन आहेत आणि खालच्या दोन्ही चांदण्या किनारीखाली अर्ध्या गेल्या आहेत. हे तक्त्याच्या नादात होतं : अर्थ मोजले जातात, जागा मोजली जात नाही.

रंगांकडे वळू, कारण आकार दिसतो तो रंगामुळेच. हेराल्ड्रीचा एक नियम शिकण्यासारखा आहे : सोनं आणि रुपं, म्हणजे पिवळा आणि पांढरा, हे धातू, तांबडा, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे रंग. धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही. जेरुसलेमच्या राज्याने रुप्यावर सोन्याचे क्रॉस घेतले, तो प्रसिद्ध अपवाद. बाकी नियम सोवळ्यासारखा पाळतात, आणि त्यामागे धर्म नाही, दृष्टी आहे. तांबड्यावर निळं लांबून एक होतं, पांढऱ्यावर पिवळं विरून जातं.

आपली अडचण भगव्याची. या मुख्य रंगांत भगवा नाही, आणि पथकांना तोच हवा असतो, वर पिवळी जर. भगव्यावर पिवळी जर हातात घेतली की झळकते आणि दहा पावलांवर नाहीशी होते. भगव्याला रंग धरून त्यावर पांढरं द्यावं. जर हवीच असेल तर तिच्याभोवती गडद मरून रंगाची दीड मिलिमीटर रेघ. दुकानाने ही रेघ दिली आहे, न सांगता. त्याबद्दल शाबासकी. मिरवणुकीत झेंडा अलका चौकात आणि बघणारा रस्त्यापलीकडच्या गच्चीवर, असं अंतर धरून चिन्ह तपासायचं. घरी करायचं तर कागदावर दोन सेंटिमीटर रुंदीत छापा, भिंतीला लावा आणि पाच-सहा पावलं मागे जा. जो आकार ओळखू येत नाही तो काढून टाका, त्याचा अर्थ कितीही थोर असो.

कापडी बिल्ल्याचं बाकीचं काम. दोरा पॉलिएस्टरचा आहे, रेयॉनचा नाही. धुण्याला आणि गणपतीतल्या पावसाला तोच टिकतो. टाक्यांमधलं अंतर ०.४ मिलिमीटरच्या आसपास, खालचं कापड दिसत नाही. आठ मिलिमीटरपेक्षा रुंद पट्टे सॅटिन टाक्याने, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणाऱ्या सलग टाक्याने, न भरता भरणीच्या टाक्याने भरले आहेत, त्यामुळे लांब टाके कशात अडकून उसवणार नाहीत. किनार ओव्हरलॉकसारखी गुंडाळलेली नसून सॅटिनची आहे. हेही बरोबर, कारण ढालीच्या वरच्या दोन टोकांना गुंडाळी किनार नीट वळत नाही आणि कोपरे गोल होतात. ब्रीदवाक्याची अक्षरं मात्र सहा मिलिमीटरची घेतली आहेत. रोमन अक्षरांना ती चालतात. देवनागरीला शिरोरेषा, वर रफार, खाली उकार; आठ मिलिमीटरच्या खाली रफार आणि अनुस्वार दोन्ही एकच ठिपका होतात. ‘धर्म’ वाचता येत नसेल तर ब्रीदवाक्य नसलेलं परवडलं. शब्द कमी करा, अक्षर मोठं ठेवा.

धातूची पिन मिनाकारीची, म्हणजे पितळेवर ठसा उमटवून खोलगट भागात रंग भरलेली. इथे एक नकळत झालेली सोय आहे : दोन रंगांच्या मध्ये धातूची बारीक भिंत ठेवावीच लागते, नाहीतर रंग एकमेकांत वाहतात. त्यामुळे तांबड्याशेजारी निळा आला तरी मध्ये सोनेरी रेघ येते आणि वर सांगितलेला नियम आपोआप पाळला जातो. भिंत ०.३ मिलिमीटर आणि रंगाचा खण निदान एक मिलिमीटर हवा. दुकानाने गोल पिनेवर तटबंदीची दातेरी रेघ घेतली, शनिवारवाड्याची आठवण म्हणून. कल्पना उत्तम, पण २२ मिलिमीटरच्या पिनेवर बारा दाते म्हटल्यावर दोन बुजले. सहा पुरले असते. शिवाय मागे खिळा एकच आहे. गोल पिन एका खिळ्यावर फिरते, आणि ती ४५ अंश फिरली की क्रॉसचा सॉल्टायर होतो, म्हणजे पुन्हा फुली. दोन खिळे मागून घ्या.

शिक्का फसला आहे आणि तो का फसला हे सगळ्यांनाच उपयोगी पडेल. रंगीत चिन्ह सरळ काळ्या-पांढऱ्यात बदललं, तेव्हा तांबडा आणि निळा दोन्ही गडद म्हणून काळे झाले. निळ्यावरचा तांबडा गोल गायब. यावरचा उपाय १६३८ पासून छापील आहे. पेट्रा सँक्टा या जेझुइट पंडिताच्या ग्रंथामुळे रूढ झालेल्या पद्धतीत प्रत्येक रंगाला रेघांची दिशा ठरलेली असते : सोनं म्हणजे ठिपके, रुपं कोरं, तांबडा उभ्या रेघा, निळा आडव्या, काळा उभ्या-आडव्या जाळीचा, हिरवा वर डावीकडून खाली उजवीकडे येणाऱ्या तिरक्या, जांभळा त्याच्या उलट. दिशा बघणाऱ्याच्या बाजूने सांगितल्या आहेत. शिक्क्यावर रेघ ०.३ मिलिमीटर आणि दोन रेघांत निदान एक मिलिमीटर मोकळं ठेवलं तर शाई भरून येत नाही. लाकडी ढालीवर लेझरने कोरतानाही हीच पद्धत वापरता येते. लाकडी ढालीत बाकी तक्रार एकच : ती एमडीएफची आहे आणि कडा उघड्या आहेत. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर लावली तर कडा फुगतील. चारी कडांना सीलर मारून मागा, नाहीतर प्लाय घ्या.

‘घराण्याचं चिन्ह’ म्हणून जे विकलं जातं त्याबद्दल थोडं सावध करायला हवं. आडनाव सांगा, चिन्ह घ्या, असा प्रकार हेराल्ड्रीत नाही. इंग्लंडात १४८४ मध्ये सनद मिळालेलं कॉलेज ऑफ आर्म्स आजही चिन्हं देतं ती एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना. त्याच आडनावाच्या सगळ्यांना नाही. भारतात असं काही देणारी संस्थाच नाही. संस्थानिकांची जी युरोपीय धर्तीची निशाणं दिसतात, त्यांतली अनेक १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर या बंगालमधल्या मुलकी अधिकाऱ्याने काढून दिलेली आहेत. सगळ्या कुळाची मिळून एक खूण असं आपल्याकडे शोधायचं तर देवकाकडे जावं : पंचपल्लव, कळंब, मोराचं पीस. लग्नघरात तो विषय निघतोच. लग्नाच्या पत्रिकेवर सिंह आणि मुकुट छापण्यापेक्षा कळंबाची डहाळी शंभर पटींनी खरी, आणि कापडावर सिंहापेक्षा चांगली उतरते.

कायद्याचं थोडक्यात. अशोकस्तंभाचे सिंह खासगी चिन्हात घेता येत नाहीत. २००५ चा कायदा त्यासाठीच आहे, आणि १९५० चा कायदा इतर काही नावं-चिन्हांना. पांढऱ्यावर तांबडा क्रॉस दवाखान्याच्या किंवा शाळेच्या ढालीवर काढू नये. १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने तो राखीव आहे. तक्त्यात ‘क्रॉस : सेवा’ लिहून नेमकी हीच रंगजोडी दाखवली आहे. दुकानाने ते पान तरी तातडीने बदलावं.

जाणार असाल तर असं करा. आकार दोन, फार तर तीन. रंग एक, धातू एक. अगदीच हवा तर आणखी एक रंग. अर्थ तुमचा तुम्ही ठरवा आणि एका ओळीत लिहून न्या. चिन्हाचं वर्णनही शब्दांत बिलाच्या मागे लिहून घ्या. ‘निळ्या ढालीवर रुपेरी वासा, वर दोन रुपेरी गोल, खाली लाटांचा गोल’ एवढं पुरतं. हेराल्ड्रीत चित्रापेक्षा ही ओळच प्रमाण मानतात : पुढच्या वर्षी दुसऱ्या कारागिराने वेगळ्या हाताने काढलं तरी चिन्ह तेच राहतं. पूर्ण ऑर्डर देण्याआधी खऱ्या कापडावर, खऱ्या मापात एक नमुना शिवून मागा. पडद्यावरचं चित्र बघून होकार देऊ नका. दर टाक्यांच्या संख्येवर आहे, डिजिटायझिंग आणि पिनेचा ठसा यांचे पैसे एकदाच लागतात. म्हणजे फाईल आणि ठसा तुमच्या पैशांचे. भरतकामाची डीएसटी फाईल पेनड्राइव्हवर मागितली की देतात, पण आपणहून देत नाहीत.